मापात पाप : ऑनलाइन खेळांतील दुकानदारीबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली

विषय : ऑनलाइन खेळांतील आभासी चलन आणि नशिबाच्या पेट्या यांना ग्राहक कायद्याची मापे लावण्याबाबत

महोदय / महोदया,

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, कनिष्ठ महाविद्यालयात, मी गेली एकोणीस वर्षे पुस्तपालन व लेखाकर्म हा विषय शिकवतो. अकरावीच्या मुलांना रोख पुस्तक शिकवताना पाठ्यपुस्तकातल्या व्यापाऱ्यांचे व्यवहार त्यांच्या डोक्यावरून जातात, म्हणून दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना स्वतःच्याच खिशाचे रोख पुस्तक लिहून आणायला सांगतो. पूर्वी त्या वह्यांत वडापाव, एसटीचा पास, झेरॉक्स, फटाके आणि भाऊबीजेची ओवाळणी अशा नोंदी असत. गेल्या काही वर्षांत त्यात एक नवी नोंद शिरली आहे आणि ती आता बहुतेक मुलांच्या वहीत सापडते : 'टॉपअप', म्हणजे मोबाइलवरच्या खेळात खरे पैसे भरून त्या खेळातले आभासी चलन घेणे.

एका मुलाच्या वहीत तीन आठवड्यांत असे पाच टॉपअप होते. दोन ४४९ रुपयांचे, तीन ८९ रुपयांचे, एकूण १,१६५ रुपये. खेळाचे नाव मी येथे घेत नाही, कारण हाच हिशेब थोड्याफार फरकाने इतर अनेक खेळांना लागू पडतो. मुलगा अभ्यासू होता, त्यामुळे त्याने रुपयांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखून खेळातल्या 'जेम' या आभासी चलनाचाही हिशेब ठेवला होता. ४४९ रुपयांना ५२० जेम मिळतात आणि ८९ रुपयांना १००. फिरवल्यावर कोणती वस्तू निघेल ते आधी न कळणारे नशिबाचे चाक एकदा फिरवायला ६० जेम लागतात, आणि एकदम दहा वेळा फिरवायचे तर थोडी सूट मिळून ५४०. म्हणजे मोठा टॉपअप घेतला तरी दहा फेऱ्यांसाठी बरोबर २० जेम कमी पडतात, ते भरून काढायला ८९ रुपयांचा छोटा टॉपअप घ्यावा लागतो, आणि तो घेतला की ८० जेम उरतात, ज्यांतून आणखी एक फेरी होऊन २० उरतात. तीन आठवड्यांच्या शेवटी चोवीस फेऱ्या झाल्या होत्या आणि खात्यात २० जेम शिल्लक होते, ज्यांत काहीही येत नाही. मिळाले काय, याच्या रकान्यात हवाई छत्रीचे रंग, बंदुकीवरची नक्षी, कसले तरी 'तुकडे' अशा चोवीस वस्तू लिहिल्या होत्या. ज्या पोशाखासाठी चाक फिरवायला घेतले होते, तो त्यांत नव्हता.

त्याने मला विचारलेला प्रश्न मात्र निराळा होता. 'सर, तो पोशाख केवढ्याला आहे, ते कुठेच लिहिलेले नाही. मग या रकान्यात काय लिहू?' मी त्याच्या मोबाइलवर खेळाचे ते पान उघडून पाहिले. चाकाच्या कोपऱ्यात एक बारीकसे प्रश्नचिन्ह होते, ते दाबल्यावर एक लांबलचक तक्ता उघडला आणि त्यात खाली कुठेतरी त्या पोशाखापुढे ०.५ टक्के असे लिहिलेले सापडले. मग फळ्यावर आम्ही दोघांनी हिशेब केला. हजारात पाच, म्हणजे सरासरी दोनशे फेऱ्यांना एक पोशाख, आणि दहा-दहाच्या सवलतीच्या दराने एक फेरी सुमारे साडेसेहेचाळीस रुपयांना पडते. म्हणजे त्या पोशाखाची सरासरी किंमत झाली सुमारे ९,३०० रुपये. त्यातही ही नुसती सरासरी आहे, कारण दोनशे फेऱ्या पुऱ्या केलेल्या शंभर मुलांपैकी सुमारे सदतीस जणांच्या हाती तो पोशाख तेव्हाही पडलेला नसतो. मुलगा गप्प झाला. चोवीस फेऱ्यांत त्याला तो मिळण्याची शक्यता शंभरात अकरा होती, हे मी त्याला नंतर सांगितले.

हे पत्र मी इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला न लिहिता आपल्याला लिहितो आहे, याला कारण आहे. आपले प्राधिकरण ज्या ग्राहक व्यवहार विभागाच्या छत्राखाली येते, त्याच विभागाकडे वैधमापनाचे कामही आहे. वाण्याच्या दुकानातला काटा तपासणारा, पेट्रोल पंपावरचे माप पडताळणारा आणि पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावरही 'सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत' छापायला लावणारा कायदा त्या विभागाचा आहे. पुड्यावर वजन किती, किंमत किती, बनवला कधी आणि तक्रार कोणाकडे करायची हे छापल्याशिवाय तो विकता येत नाही. हे लपवून विकण्यालाच आपल्याकडे 'मापात पाप' म्हणतात. मग पाच रुपयांच्या बिस्किटाला जो न्याय, तो नऊ हजार रुपयांच्या आभासी पोशाखाला का नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता कोणी म्हणेल की खेळांचा बंदोबस्त सरकारने नुकताच केला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचे प्रवर्तन आणि नियमन करणारा कायदा संसदेने दोन दिवसांत मंजूर केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली, पैसे लावून खेळायच्या खेळांवर सरसकट बंदी आली, असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद झाली. भारतीय क्रिकेट संघाच्या अंगावरच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हनचे नाव तेव्हाच उतरले. त्या कायद्याच्या बऱ्या-वाईटाबद्दल मी येथे बोलत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की त्या कायद्याची कसोटी 'जिंकण्याची अपेक्षा' ही आहे. पैसे भरून पैसे किंवा तत्सम लाभ मिळवण्याची आशा असेल, तर तो पैशाचा खेळ. माझ्या विद्यार्थ्याला मात्र एक रुपयाही परत मिळण्याची आशा नव्हती. मिळालेला पोशाख विकता येत नाही, कोणाला देता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, त्यामुळे हा 'लाभ' नव्हेच, असे कंपन्यांचे वकील म्हणणार आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही असेल. परिणाम असा विपरीत होतो की ज्या खेळात निदान कधीतरी पैसे परत येण्याची शक्यता होती तो गुन्हा ठरतो, आणि ज्यात पैसे फक्त एकाच दिशेने जातात तो निरुपद्रवी 'सामाजिक खेळ' म्हणून सुटतो. जुगाराच्या कायद्याने या वस्तूला पकडणे अवघड आहे, हे मला मान्य आहे. पण जुगार नसेल तर ती विक्री आहे, आणि विक्री असेल तर तो विषय आपला आहे.

मी खेळांचा वैरी नाही, हे येथेच सांगून टाकतो, कारण शिक्षकाने मोबाइलवरच्या खेळांबद्दल लिहिले की वाचणारे आपोआप तो सूर गृहीत धरतात. नव्वदच्या दशकात आमच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, त्याच्या पिवळ्या कॅसेटवर '९,९९९ खेळ एकात' असे छापलेले असे आणि आत मोजून चार-पाच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. ती शुद्ध फसवणूक होती. पण ती फसवणूक एकदाच, दुकानाच्या काउंटरवर झाली, आणि त्यानंतर त्या कॅसेटने आमच्याकडे कधी पैसे मागितले नाहीत. पुण्यातल्या नोडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ काढला, तो मी एकदा पैसे भरून विकत घेतला, पुरा खेळलो आणि राजस्थानी किल्ल्यांसारख्या त्या महालांतून फिरताना अभिमानही वाटला. एक किंमत, एक वस्तू. असा धंदा अवघड आहे, हेही मला कळते. चार-पाच वर्षे खपून केलेला खेळ पहिल्या आठवड्यात चालला नाही तर चमू मोडतो, शिवाय मोबाइलवर विकायचा तर गूगल-ॲपलसारख्या मोठ्या दुकानदारांचे कमिशन आहे, ज्याचा दर बराच काळ शंभराला तीस होता. त्यामुळे खेळ फुकट द्यायचा आणि आतले सामान विकायचे, हा मार्ग कंपन्यांनी धरला, तो नुसत्या लोभापायी नाही. फुकट खेळणारी लाखो मुले गर्दी करतात, त्यांतली मूठभर पैसे देतात, आणि त्या मूठभरांतली फारच थोडी इतके देतात की सगळा गाडा चालतो. या धंद्यात अशा गिऱ्हाइकाला 'व्हेल', म्हणजे देवमासा म्हणतात. सामान विकण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्या देवमाशांत सोळा वर्षांचे मूल किती आहे हे कोणी न मोजण्याला, आणि किंमत झाकण्याला.

किंमत झाकण्याची कला एका दिवसात आलेली नाही. २००६ साली 'ऑब्लिव्हियन' नावाच्या खेळात घोड्याला घालायचे चिलखत अडीच डॉलरना विकायला काढले, तेव्हा खेळाडूंनी त्याची यथेच्छ टर उडवली होती. मला आज त्यातली दुसरीच बाब महत्त्वाची वाटते. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळयंत्रावर त्या चिलखताची किंमत डॉलरमध्ये लिहिलेली नव्हती, ती २०० मायक्रोसॉफ्ट पॉइंट अशी होती, आणि ऐंशी पॉइंटांचा एक डॉलर असा विचित्र दर असल्याने कोणालाही मनातल्या मनात भागाकार जमत नसे. लोकांनी कुरकुर केली, आणि २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते पॉइंट बंद करून प्रत्येक देशाच्या चलनात किमती लावल्या. आभाळ कोसळले नाही. खेळांच्या आत मात्र तीच रीत शंभर पटींनी फोफावली. मार्च २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या ग्राहक यंत्रणांनी एका स्वीडिश कंपनीच्या, योगायोगाने पुन्हा घोड्यांच्याच, लहान मुलांच्या खेळावर कारवाई सुरू केली, आणि सोबतच आभासी चलनाबद्दल काही तत्त्वे सांगितली. त्यांतले पहिले तत्त्व असे की खेळातल्या वस्तूची किंमत खऱ्या पैशातही स्पष्ट दिसली पाहिजे. नको असलेल्या चलनाचा गठ्ठा ग्राहकाच्या गळ्यात मारू नये, हेही त्यांत आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या खात्यात पडून राहिलेले ते २० जेम हाच तो गठ्ठा. वाण्याने साखर ४८० ग्रॅमच्या पुड्यांत विकायची आणि पेढ्यांना मात्र अर्धा किलोच लागेल अशी व्यवस्था करायची, असा हा प्रकार आहे, फरक इतकाच की इथे साखरही त्याचीच, पेढेही त्याचेच आणि वजनेही त्यानेच पाडलेली.

आता नशिबाच्या पेटीकडे येतो, म्हणजे पैसे देऊन घ्यायची, पण आत काय निघेल ते आधी न कळणारी वस्तू; माझ्या विद्यार्थ्याचे चाक हाही तिचाच प्रकार. इंग्रजीत तिला 'लूट बॉक्स' म्हणतात, आणि तो 'लूट' शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच उचललेला आहे, त्यामुळे भाषांतराचे कष्ट वाचतात. माझ्या पिढीला ही वस्तू शाळेबाहेरच्या दुकानात भेटली, तिला सोरट म्हणत. पुठ्ठ्यावर दुमडलेल्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत, दहा पैसे देऊन एक फाडायची, बहुतेक वेळा शिट्टी किंवा चिंचेची गोळी मिळे आणि वर टांगलेले घड्याळ कोणालाच कधी मिळत नसे. दुकानदाराने घड्याळाची चिठ्ठी लावलेलीच नाही, असा आम्हा मुलांना दाट संशय होता. सिद्ध मात्र कधी करता आले नाही, कारण संबंध पुठ्ठा फाडण्याइतके पैसे कोणापाशी नसत.

दक्षिण कोरियात हा संशय सिद्ध झाला. तिथल्या 'मेपलस्टोरी' या अतिशय गाजलेल्या खेळात 'क्यूब' नावाची वस्तू २०१० पासून विकली जात होती, ती वापरली की खेळाडूच्या शस्त्राला काही गुण यादृच्छिकपणे चिकटत. कोरियाच्या स्पर्धा आयोगाने चौकशी केली तेव्हा असे आढळले की नेक्सॉन कंपनीने लोकांना हव्याहव्याशा गुणांची शक्यता पुढे गुपचूप कमी केली होती, आणि काही सर्वांत मागणीच्या जोड्यांची तर शून्यावर आणली होती. खेळाडू वर्षानुवर्षे अशा वस्तूसाठी पैसे मोजत राहिले, जी निघणे अशक्य होते. घड्याळाची चिठ्ठी पुठ्ठ्यावर नव्हतीच. जानेवारी २०२४ मध्ये आयोगाने कंपनीला सुमारे ११.६ अब्ज वॉनचा दंड केला आणि त्याच वर्षी मार्चपासून शक्यता जाहीर करणे कोरियात कायद्याने बंधनकारक झाले. चीनमध्ये ते २०१७ पासूनच आहे. हे उदाहरण मी इतक्या विस्ताराने सांगितले, कारण आपल्याकडे हा विषय निघाला की 'कंपन्या टक्केवारी जाहीर करतातच की' असे उत्तर मिळते. जाहीर करतात, प्रश्नचिन्हामागे, सातव्या स्क्रीनवर. पण वाण्याने पाटीवर लिहिलेले वजन खरे आहे की नाही, हे वाण्यालाच विचारून आपला निरीक्षक परत जात नाही, तो स्वतःची प्रमाणित वजने घेऊन येतो. इथे तो निरीक्षक कोण आहे? सर्व्हरमधला चाकाचा हिशेब आपल्या देशात कोणी, कधी तपासला आहे, असे माझ्या पाहण्यात नाही.

प्रौढ गिऱ्हाइकेही या प्रकाराला कंटाळली आहेत, हे २०१७ च्या नोव्हेंबरात जगाने पाहिले. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीच्या 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू' या साठ डॉलरच्या खेळात मुख्य नायक-खलनायक मिळवायला ६०,००० गुण लागत, आणि खेळाडूंनी हिशेब मांडला की त्यासाठी सुमारे चाळीस तास खेळावे लागेल, नाहीतर नशिबाच्या पेट्या विकत घ्याव्या लागतील. 'यश मिळवल्याचा अभिमान वाटावा म्हणून' असे आहे, असा खुलासा कंपनीने केला, तो लोकांना इतका झोंबला की रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर त्यावर सहा लाखांहून अधिक नापसंतीची मते पडली आणि तो गिनेस बुकात गेला. खेळ बाजारात येण्याच्या काही तास आधी कंपनीने आतली विक्री थांबवली. ते गिऱ्हाईक बोलू शकणारे होते, खिशातले साठ डॉलर मोजून आलेले होते. आमच्याकडचे गिऱ्हाईक बापाच्या मोबाइलवर, आईच्या यूपीआयने किंवा शंभराची नोट देऊन आणलेल्या रिचार्ज कोडने सामान घेते, आणि ते बोलत नाही, कारण बोलले तर आधी मार बसतो.

आणि इथे मला वर्गात शिकवावा लागणारा एक जुना धडा आठवतो. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ११ : करार करायला व्यक्ती सज्ञान असली पाहिजे. १९०३ मध्ये मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायपीठाने, निर्णय दिला की अज्ञान, म्हणजे सज्ञान नसलेल्या, व्यक्तीने केलेला करार मुळातच शून्य असतो. या निर्णयाला एकशेवीस वर्षे उलटून गेली, बारावी वाणिज्यच्या पुढे गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो कधी ना कधी पाठ केलेला असतो. असे असताना सोळा वर्षांच्या मुलाने 'मला अटी मान्य आहेत' या चौकटीवर बोट ठेवून केलेली खरेदी परतफेडीस अपात्र आहे, असे कंपनीचे यंत्र दहा सेकंदांत उत्तर कसे देते? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाची नुसती माहिती घ्यायलाही पालकांची पडताळता येणारी संमती लागेल असे ठरवले आहे. माहिती घ्यायला संमती हवी, पैसे घ्यायला नको, हे मला तरी समजलेले नाही.

'पालकांनी लक्ष ठेवावे' हे उत्तर मला पाठ आहे. पालकसभेत मी स्वतः ते दिलेले आहे. पण ज्या आईला मोबाइलवर आलेला 'गूगल प्ले' असा संदेश वाचून तो वीजबिलाचा आहे की कसला हे उमगत नाही, तिने जेम आणि रुपयांचा भागाकार करावा, ही अपेक्षा तिच्याकडून करण्याआधी दुकानदाराकडून का करू नये? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०२२ मध्ये 'फोर्टनाइट'च्या एपिक गेम्सकडून परताव्यासाठी साडेचोवीस कोटी डॉलर वसूल करण्याचा तोडगा काढला, तो याच कारणाने. खरेदीची बटणे अशी ठेवलेली होती की एका चुकार दाबाने पैसे जात, आणि ज्यांनी बँकेकडे तक्रार केली त्यांची खाती बंद केली जात. जानेवारी २०२५ मध्ये त्याच आयोगाने 'गेन्शिन इम्पॅक्ट'च्या कंपनीला दोन कोटी डॉलर भरायला लावले आणि सोळा वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीशिवाय नशिबाच्या पेट्या विकायच्या नाहीत, असे बजावले. त्या आदेशातले एक कलम मला फार आवडले : पेटी आभासी चलनात विकायची असेल, तर ती थेट खऱ्या पैशातही विकत घेता आली पाहिजे. ब्राझीलने तर २०२५ च्या कायद्याने मुलांच्या खेळांतून या पेट्याच हद्दपार करायचे ठरवले.

मी मात्र आपल्याकडे बंदी मागत नाही. बेल्जियमने २०१८ मध्ये या पेट्या जुगार ठरवल्या, जगभर मथळे झाले, आणि काही वर्षांनी एका संशोधकाने तिथले सर्वाधिक कमाईचे शंभर आयफोन खेळ तपासले तर ब्याऐंशी खेळांत पेट्या जशाच्या तशा निघाल्या. आपला अनुभवही वेगळा नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जीवर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये तोच खेळ नवे नाव घेऊन आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा दुकानांतून उतरला आणि मे २०२३ मध्ये परतला. या सगळ्या काळात आपल्या वाहिन्यांवर आणि घराघरांत चर्चा झाली ती बंदुका आणि रक्ताची, खेळाने मुले हिंसक होतात का याची. त्या वादात मी पडत नाही. खेळातल्या रक्ताचा रंग लाल ठेवावा की हिरवा यावर भांडत असताना बिलाकडे कोणाचे लक्ष गेले नाही, एवढे मात्र मला नोंदवावेसे वाटते. माझ्या वर्गातल्या मुलांनी खेळापायी एकमेकांना मारल्याचे मी पाहिलेले नाही. खेळापायी परीक्षा फीचे पैसे उडवून तोंड लपवणारी मुले मी पाहिली आहेत, एकदा नव्हे.

आपल्या हाती नवा कायदा नसला तरी काम अडू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपण 'डार्क पॅटर्न', म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या पडद्यावरच्या रचना, रोखणारी मार्गदर्शक तत्त्वे काढलीत, त्यात तेरा प्रकार सांगितले आहेत, आणि जून २०२५ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या मंचांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करायलाही सांगितलेत. त्या तेरांतली खोटी घाई घ्या. खेळातल्या दुकानात 'फक्त ११ तास ४२ मिनिटे' असे घड्याळ उलटे चालत असते आणि तीच वस्तू दोन महिन्यांनी पुन्हा येते. किंमत टप्प्याटप्प्याने उघड करण्याचा प्रकार घ्या, तो तर जेमच्या पायावरच उभा आहे. ही तत्त्वे भारतात वस्तू किंवा सेवा देणाऱ्या सर्व मंचांना लागू आहेत, मग खेळातले दुकान हे दुकान आहे, असे एका पानाचे स्पष्टीकरण आपण काढावे, ही माझी पहिली विनंती. त्यात चाकाच्या बटणावरच, प्रश्नचिन्हामागे नव्हे, एका फेरीची किंमत रुपयांत आणि मुख्य वस्तू मिळण्याचा सरासरी खर्च रुपयांत, त्याच आकाराच्या अक्षरांत छापायला लावावा. '६० जेम' ऐवजी 'एक फेरी सुमारे ५० रुपये, हा पोशाख सरासरी ९,३०० रुपये' असे बटण असते, तर माझ्या विद्यार्थ्याने काय केले असते ते मी सांगू शकत नाही. कदाचित तरीही फिरवले असते. पण मग ती त्याची निवड झाली असती.

त्याखेरीज, अठरा वर्षांखालील मुलाची खरेदी पालकाने ठरावीक मुदतीत सांगितल्यास माणसाने वाचून परत करावी, यंत्राने नव्हे. आणि जाहीर केलेली टक्केवारी बाहेरच्या तपासनिसाकडून वर्षातून एकदा तपासून घेतल्याचा दाखला खेळाच्या पानावर असावा, जसा किराणा दुकानातल्या काट्यावर वैधमापनाचा शिक्का असतो. छोट्या देशी कंपन्यांना हे परवडणार नाही, असा आक्षेप येईल. ठरावीक उलाढालीखाली सूट द्यावी, माझी ना नाही. तशीही एका किमतीला पुरा खेळ विकणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कारागिरांना यातले काहीच करावे लागणार नाही, आणि झाला तर त्यांचा फायदाच आहे, कारण आज त्यांच्या खेळावरची पाचशे रुपयांची उघड किंमत पाहून गिऱ्हाईक दचकते आणि शेजारच्या 'फुकट' खेळात चारपट पैसे घालून येते.

एक किरकोळ गोष्ट राहिली. त्या मुलाचा दुसरा प्रश्न असा होता की ही खरेदी खतावणीत कोठे न्यावी, मालमत्तेत की खर्चात. मी म्हटले, विकता येत नाही, म्हणून खर्च. तो म्हणाला, पण सर, वापरता तर येते, मग घसारा लावू का? घसारा म्हणजे वापराने वस्तूची दर वर्षी घटत जाणारी किंमत. मी विचारात पडलो. युबीसॉफ्टने 'द क्रू' हा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद करून कायमचा थांबवला, पैसे मोजून घेतलेल्यांनाही तो उघडता येईना, आणि त्यावरून युरोपात मोठी सह्यांची चळवळ झाली. ज्या वस्तूचे आयुष्य विकणारा एका सकाळी संपवू शकतो, तिच्यावर घसारा कोणत्या दराने लावायचा, हे आमच्या पाठ्यपुस्तकात नाही. शेवटी मी त्याला सगळी रक्कम करमणूक खर्चात टाकायला सांगितली. तेरीज, म्हणजे जमा-नावेची गोळाबेरीज, जुळली, पण वस्तूची किंमत हा रकाना त्याने कोराच ठेवला होता आणि मी त्याचे गुण कापले नाहीत.

त्या वहीच्या संबंधित पानांची छायाप्रत, मुलाचे व खेळाचे नाव झाकून आणि पालकांच्या परवानगीने, आपल्या कार्यालयाने मागितल्यास मी टपालाने पाठवीन. आमच्या वर्गाच्या आणखी वीस-बावीस वह्या आहेत. त्यातल्या टॉपअपच्या नोंदी विद्यार्थ्यांनीच एकत्र करून तक्ता बनवायला घेतला आहे, तो मार्चच्या परीक्षेपूर्वी तयार होईल.

कळावे,

आपला,
एक वाणिज्य शिक्षक
जिल्हा सांगली